अ‍ॅक्युझेटिव्हमधला आरोपी

ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या दोन खोल्यांच्या जागेत मी गेली १९ वर्षे संस्कृतच्या शिकवण्या घेते. संध्याकाळी साडेपाचची तुकडी मराठी माध्यमाची असते आणि ती मला बाई म्हणते. सातची तुकडी इंग्रजी माध्यमाची असते आणि ती मला टीचर म्हणते. दोन्हींकडच्या बहुतेक मुलांनी संस्कृत घेतले आहे ते दहावीला त्यात भरघोस गुण मिळतात म्हणून, आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही, कारण माझे घर त्यावरच चालते. मागच्या महिन्यात सातच्या तुकडीतल्या नववीच्या एका मुलाने ‘रामः ग्रामं गच्छति’ हे वाक्य फळ्यावरून वहीत उतरवून घेतले, ‘ग्रामम्’ खाली त्याच्या गाईडात होते तसे ‘अ‍ॅक्युझेटिव्ह सिंग्युलर’ असे लिहिले, आणि पेनाचे टोपण चावत विचारले, “टीचर, अ‍ॅक्यूज म्हणजे आरोप करणे ना? मग ह्यात आरोपी कोण? गाव?”

सगळे हसले, मीही हसले, पण उत्तर देताना मात्र मी पळवाट काढली. ते नुसते नाव आहे, त्याचा अर्थ लावत बसू नकोस, द्वितीया म्हणजे अ‍ॅक्युझेटिव्ह एवढे पाठ कर, असे मी त्याला सांगून टाकले. रात्री ओटा आवरताना ते उत्तर मला टोचत राहिले, कारण एम.ए.ला असल्यापासून लॅटिन शिकवण्याचा इतिहास हा माझा फावल्या वेळचा नाद आहे, आणि नेमके हेच उत्तर युरोपातल्या मुलांना शेकडो वर्षे, पुष्कळदा छडीसकट, मिळत आले होते हे मला पुरते ठाऊक होते.

मुलाचा प्रश्न मुळात चुकीचा नव्हताच. ग्रीक वैयाकरणांनी या विभक्तीला जे नाव दिले होते ते ज्या शब्दकुळातले होते त्याचा अर्थ ‘कारण’ असाही होतो आणि ‘दोषारोप’ असाही होतो. रोमनांनी ते नाव आपल्या भाषेत आणताना दुसरा अर्थ उचलला आणि ‘आरोप करणारी विभक्ती’ जन्माला घातली. भाषांतरातली ही एक चूक दोन हजार वर्षे शाळाशाळांतून पाठ होत होत गोखले रोडवर मिळणाऱ्या गाईडात येऊन बसली आहे.

सोळाव्या आणि सतराव्या शतकांत इंग्लंडमध्ये ‘ग्रामर स्कूल’ म्हणजे शब्दशः व्याकरणाची शाळा होती, आणि व्याकरण म्हटले की ते लॅटिनचेच असे गृहीत धरलेले असे. विद्यापीठातली व्याख्याने, चर्च, वैद्यक, दोन राज्यांमधला पत्रव्यवहार या सगळ्याचे दार लॅटिनमधून उघडत असल्यामुळे सात-आठ वर्षांचा मुलगा (मुलगाच, कारण मुलींना या शाळांत सहसा जागा नसे) स्वतःच्या भाषेत जेमतेम वाचू लागला की त्याच्या हातात लॅटिन व्याकरण पडे. जॉन कोलेट याने सोळाव्या शतकाच्या आरंभी लंडनमध्ये सेंट पॉल्स शाळेची नव्याने उभारणी केली आणि तिथे १५३ मुलांना विनाशुल्क शिकवण्याची सोय केली. हा आकडा बायबलमधल्या एका चमत्कारात जाळ्यात सापडलेल्या माशांचा आहे. शाळा सकाळी ७ ते ११ आणि दुपारी १ ते ५ भरे, उन्हाळा असो की हिवाळा.

या मुलांच्या पहिल्या पुस्तकाचा मूळपुरुष त्यांच्याहून हजारएक वर्षांनी जुना होता. चौथ्या शतकात रोममध्ये एलियस डोनाटस नावाचा एक शिक्षक होऊन गेला. त्याचे लहान व्याकरण प्रश्नोत्तरांच्या रूपात आहे: शब्दांच्या जाती किती? आठ. कोणत्या? नाम, सर्वनाम, क्रियापद, क्रियाविशेषण, धातुसाधित, उभयान्वयी, शब्दयोगी, केवलप्रयोगी. हे पुस्तक इतके सार्वत्रिक झाले की कोणत्याही विषयाच्या प्राथमिक पुस्तकाला ‘डोनेट’ म्हणण्याचा प्रघात पडला. गुटेनबर्गच्या छापखान्यातून आरंभीच्या काळात जी कामे बाहेर पडली त्यांतही डोनाटस आहे, पण त्याच्या आज सापडतात त्या केवळ चिंध्या, दुसऱ्या पुस्तकांच्या बांधणीत अस्तर म्हणून चिकटवलेले चर्मपत्राचे तुकडे. मुलांच्या हातातले पुस्तक टिकत नाही. माझ्याकडच्या रूपावलीची तिसरी प्रतही आता मधोमध उसवली आहे.

सेंट पॉल्सचा पहिला मुख्याध्यापक विल्यम लिली. त्याने वाक्यरचनेच्या नियमांची एक छोटी पुस्तिका लिहिली, कोलेटने ती सुधारण्यासाठी इरॅस्मस या डच विद्वानाकडे दिली, आणि इरॅस्मसने ती इतकी सुधारली की लिली म्हणू लागला, आता हे माझे नव्हे, आणि इरॅस्मस म्हणू लागला, हेही माझे नव्हे. शेवटी १५१३ मध्ये ती कुणाचेच नाव न घालता छापली गेली. लिली १५२२ मध्ये वारला. पुढे त्याचे, कोलेटचे आणि इतरांचे लेखन एकत्र करून १५४० च्या सुमारास जे व्याकरण तयार झाले, ते आठव्या हेन्री राजाने आपल्या राज्यातल्या सर्व शाळांना सक्तीचे केले. एक देश, एक पाठ्यपुस्तक ही कल्पना आपल्याला बालभारतीमुळे फार आधुनिक वाटते, पण ‘लिलीचे व्याकरण’ म्हणून ओळखले गेलेले ते पुस्तक थोड्याफार फेरफारांनिशी दोनशेहून अधिक वर्षे चालले. १७५८ मध्ये ईटन शाळेने ते सुधारून आपल्या नावावर काढले, तेव्हाही त्याचा सांगाडा तोच राहिला.

त्या पुस्तकाचा इंग्रजी भाग पहिल्याच पानावर सांगतो की शब्दांच्या जाती आठ. त्यांतल्या चार चालतात आणि चार चालत नाहीत. हे वाक्य पहिल्यांदा वाचले तेव्हा मी चपापले. नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद हे विकारी आणि क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी, केवलप्रयोगी हे अविकारी, असे मी साडेपाचच्या तुकडीला मराठी व्याकरणात शिकवते, आणि ही विभागणी आपल्या मातीतलीच आहे असे मला इतकी वर्षे वाटत होते. वास्तविक ‘निरुक्त’ लिहिणाऱ्या यास्काने पदांच्या जाती चार सांगितल्या आहेत, नाम, आख्यात, उपसर्ग आणि निपात. पाणिनीचे तर दोनांतच भागते, सुबन्त (विभक्तीचे प्रत्यय लागलेली पदे) आणि तिङन्त (क्रियापदाचे प्रत्यय लागलेली पदे). आठ हा आकडा आला तो दुसऱ्या वाटेने. दादोबा पांडुरंगांचे मराठी व्याकरण १८३६ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यांच्यासमोर नमुना होता लिंडले मरे याच्या १७९५ च्या इंग्रजी व्याकरणाचा. मरेच्या पुस्तकात शब्दांच्या जाती नऊ आहेत, कारण इंग्रजीत ‘आर्टिकल’ असते. मराठीत ते नसल्यामुळे एक वजा केली की आपल्या आठ उरतात. मरे ज्या इंग्रजी परंपरेत लिहीत होता ती लॅटिन व्याकरणाच्या साच्यातून निघालेली होती. त्यामुळे ठाण्यातला पाचवीतला मुलगा ‘आठ’ असे उत्तर देतो तेव्हा तो नकळत डोनाटसच्या प्रश्नाचे उत्तर देत असतो. फरक एवढाच, की डोनाटसने विशेषणाला नामातच धरले होते आणि धातुसाधिताला वेगळे पान वाढले होते.

खरे तर लॅटिन व्याकरण आपल्या भागात दादोबांच्या कितीतरी आधी येऊन गेले होते. वसई आणि ठाणे पोर्तुगिजांकडे असताना इथल्या चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे मुख्य प्रार्थनाविधी, लॅटिनमध्येच होत असे, आणि वसईच्या किल्ल्यात जेझुइट या ख्रिस्ती धर्मसंघाच्या कॉलेजाचे अवशेष आजही उभे आहेत. जेझुइटांचे स्वतःचे लॅटिन व्याकरण होते, मानुएल आल्वारेश याचे, लिस्बनला १५७२ मध्ये छापलेले. १५९९ च्या त्यांच्या अभ्यासक्रमात त्याची शिफारस होती आणि १५९४ मध्ये ते जपानातल्या अमाकुसातही छापले गेले होते. फादर थॉमस स्टीफन्स, ज्यांचे ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात छापले गेले, ते लहानपणी ज्या इंग्लंडमध्ये वाढले तिथे राजाचे व्याकरण लागू होते. त्यांनी पोर्तुगीज भाषेत लिहिलेले कोकणीचे व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये राचोलला छापले गेले आणि त्याची मांडणी लॅटिन व्याकरणाच्या धाटणीची आहे. मासुंदा तलावाजवळच्या चर्चवरून जाताना मला हा सगळा प्रवास हमखास आठवतो, आणि बरोबरच्या माणसाला तो ऐकावाच लागतो.

लॅटिनचा तास प्रत्यक्ष कसा होत असे, याचे सर्वांत जिवंत चित्र शेक्सपिअरच्या ‘द मेरी वाइव्ह्ज ऑफ विंडसर’ या नाटकात आहे. चौथ्या अंकाच्या आरंभी विल्यम नावाच्या एका मुलाची त्याच्या आईदेखत तोंडी परीक्षा चालते. गुरुजी विचारतात, ‘लापिस’ म्हणजे काय? मुलगा सांगतो, दगड. गुरुजी पुन्हा विचारतात, मग दगड म्हणजे काय? मुलगा भाबडेपणाने उत्तर देतो, गोटा. चूक! दगड म्हणजे ‘लापिस’! अर्थ सांगण्याचा येथे संबंधच नाही. इकडून तिकडे आणि तिकडून इकडे तोच शब्द परत करायचा आहे. मग ‘हिक, हेक, होक’ हे सर्वनाम चालवायला लावतात. मुलगा प्रथमा पार पाडतो आणि द्वितीयेत, म्हणजे आमच्या त्या आरोप करणाऱ्या विभक्तीतच, अडखळतो. गुरुजी वेल्श असल्यामुळे त्यांच्या तोंडून ‘हुंक, हांक, होक’चे ‘हंग, हँग, हॉग’ होते, आणि बाजूला उभी असलेली क्विकली नावाची बाई, जिला लॅटिनचे ओ की ठो कळत नाही, लगेच सांगून टाकते की हँग-हॉग म्हणजे टांगलेले डुक्कर, म्हणजेच बेकन. पुढे ‘जेनिटिव्ह केस’ हे शब्द कानावर पडताच ही कुणा जेनी नावाच्या बाईची भानगड असावी असे समजून ती संतापते. चारशे वर्षांपूर्वीच्या त्या प्रेक्षकांतले कितीतरी जण याच माराने शिकलेले असणार, आणि ते का हसले असतील हे मला सातच्या तुकडीमुळे नेमके समजते.

लिलीच्या पुस्तकाचा खरा जाच पाठांतराचा नव्हता, असे माझे मत आहे. पाठांतराला नावे ठेवण्याची हल्ली फॅशन आहे, पण ‘देवः देवौ देवाः’ चालीवर म्हणताना दमलेले मूल मी अजून पाहिलेले नाही. दमतात ते पालक. जाच वेगळाच होता: लिलीच्या व्याकरणाचा इंग्रजी भाग संपला की पुढचे सविस्तर नियम खुद्द लॅटिनमध्ये होते, आणि तेही पद्यात. ज्या भाषेचे नियम शिकायचे त्याच भाषेत, ती येण्याआधीच, ते पाठ करायचे. नामांच्या लिंगांचे प्रकरण ‘प्रोप्रिया क्वे मारिबुस’ या शब्दांनी सुरू होते, आणि तेच त्याचे नाव पडले. पुरुषांना दिलेली विशेषनामे पुल्लिंगी समजावीत, असे सांगून ते देव, माणसे, नद्या, महिने आणि वारे यांची नावे ओळीने ओवते. आपल्याकडे अमरकोशाचे मूळ नाव ‘नामलिङ्गानुशासन’, तोही पद्यात, तोही लहानपणीच तोंडपाठ करण्याचा. दोन परंपरांनी एकमेकींना न विचारता एकच औषध काढले होते. नद्यांच्या बाबतीत मात्र दोघींचे जमत नाही, कारण रोमन लोक नदीला पुरुष समजत. आपल्या खाडीला येऊन मिळणारी उल्हास नदी त्यांना अगदी स्वाभाविक वाटली असती.

लॅटिनमधून लॅटिन शिकवण्यावर सर्वांत मुद्देसूद हरकत घेतली ती कोमेनियस या शिक्षणतज्ज्ञाने. मोराव्हियात (आजच्या चेक प्रजासत्ताकात) १५९२ मध्ये जन्मलेला हा माणूस लहानपणी पोरका झाला आणि वयाच्या सोळाव्या वर्षी लॅटिन शाळेत गेला. इतर मुले सातव्या वर्षी जे मुकाट्याने गिळतात ते त्याने मिसरूड फुटल्यावर चावून पाहिले, म्हणूनच त्याला त्याची चव कळली असावी. त्याचे म्हणणे असे की लॅटिनचे नियम लॅटिनमधून शिकवणे म्हणजे अज्ञात गोष्ट दुसऱ्या तितक्याच अज्ञात गोष्टीने समजावणे. ‘ऑर्बिस पिक्टस’ हे त्याचे सचित्र पुस्तक १६५८ मध्ये न्यूरेंबर्गला निघाले. त्यात सुमारे १५० पाठ आहेत, प्रत्येकावर एक चित्र, चित्रातल्या वस्तूंना आकडे, आणि खाली दोन रकान्यांत लॅटिन आणि मुलाची स्वतःची भाषा. आरंभीच्या मुळाक्षरांत पहिला मान कावळ्याचा आहे, कारण तो ‘आ, आ’ करतो. शिंपी, चांभार, बेकरीवाला, पुस्तकबांधणीवाला असे सगळे त्यात येतात. शाळेचाही एक पाठ आहे, आणि त्यात गप्पा मारणाऱ्या मुलांना छडीचा प्रसाद मिळतो असे कोमेनियस शांतपणे लिहितो. एवढा दयाळू माणूस, पण ती छडी त्याच्याही चित्रातून हटली नाही.

‘अज्ञाताने अज्ञात’ हे वाचले आणि मला माझी सातची तुकडी दिसली. प्रथमा, द्वितीया ही आपली नावे नुसते अनुक्रमांक आहेत, त्यामुळे त्यांना खोटे बोलताच येत नाही. अर्थाचे काम कर्ता, कर्म, करण, संप्रदान, अपादान आणि अधिकरण या कारकांकडे वेगळे सोपवलेले आहे. इंग्रजी माध्यमातल्या मुलांना मात्र आम्ही द्वितीया समजावून देण्यासाठी ‘अ‍ॅक्युझेटिव्ह’ सांगतो, जो शब्द त्यांच्या इंग्रजीच्या व्याकरणात आता कुणी उच्चारतही नाही. म्हणजे संस्कृत कळावे म्हणून लॅटिनची सावली दाखवायची, आणि ती सावली कशाची हे विचारले तर पाठ कर म्हणायचे. आपली जुनी पाठशाळा यातून निर्दोष सुटते असेही नाही. कोमेनियसच्याच शतकात वरदराजाने मुलांसाठी पाणिनीचे संक्षिप्त रूप केले, ती ‘लघुसिद्धान्तकौमुदी’, आणि तीही संस्कृतातच आहे. मी स्वतः संस्कृत शिकले ते लाकडी फूटपट्टीच्या धाकाने. ‘भवत्’ शब्द चालवताना तृतीयेत चुकले तेव्हाचा बोटांच्या पेरांवरचा वळ मला अजून आठवतो, तृतीयेचे रूप मात्र त्यामुळे लक्षात राहिले असे नाही, ते पुढे वाचनाने राहिले.

फूटपट्टीवरून रॉजर अ‍ॅस्कमकडे जायला हवे. हा पहिल्या एलिझाबेथ राणीचा शिक्षक. १५६३ च्या डिसेंबरात, लंडनमध्ये प्लेग असल्यामुळे दरबार विंडसरला हलला होता, तेव्हा जेवणाच्या वेळी मंत्री विल्यम सेसिल याने बातमी सांगितली की माराच्या भीतीने ईटनची काही मुले शाळेतून पळून गेली आहेत. त्या जेवणात मारावरून जो वाद झाला, त्यातून अ‍ॅस्कमचे ‘द स्कूलमास्टर’ हे पुस्तक जन्मले. छापले गेले ते तो वारल्यावर, १५७० मध्ये. त्यात त्याने दुहेरी भाषांतराची रीत सांगितली आहे. शिक्षकाने सिसेरो या रोमन वक्त्याचे एक सोपे पत्र समजावून द्यावे. मुलाने त्याचे एका वहीत इंग्रजी करावे. मग लॅटिन पुस्तक काढून घ्यावे, निदान तासभर जाऊ द्यावा, आणि मुलाने स्वतःच्याच इंग्रजीवरून ते पत्र दुसऱ्या वहीत पुन्हा लॅटिनमध्ये आणावे. नंतर शिक्षकाने मुलाचे पान आणि सिसेरोचे पान शेजारी ठेवून, कुठे चांगले जमले ते आधी सांगावे, आणि कुठे सिसेरोने दुसरा शब्द वापरला असता तेही न रागावता दाखवावे. नियम पाठ करून वाक्याकडे जाण्याऐवजी, वाक्यात अडखळून नियमाकडे येणे असा हा उलटा रस्ता आहे.

मी तो दोन्ही तुकड्यांवर करून पाहिला. तासभराऐवजी दोन दिवसांचे अंतर ठेवले, कारण शिकवणीला तास असतो तोच मुळी एक. सिसेरोच्या जागी माझी चार साधी वाक्ये होती, आणि त्यांतल्या ‘बालकः जनकेन सह उद्यानं गच्छति’ या वाक्याने मजा केली. साडेपाचच्या तुकडीने मराठी केले, ‘मुलगा वडिलांबरोबर बागेत जातो’, आणि दोन दिवसांनी त्यावरून परतताना अर्ध्याहून अधिक मुलांनी लिहिले, ‘जनकस्य सह उद्याने गच्छति’. चूक किती सरळ वाटेने आली पाहा: ‘बागेत’ म्हटले की मराठी कानाला सप्तमीच ऐकू येते. सप्तमी-द्वितीयेचा हा फरक मी दर वर्षी फळ्यावर लिहिते आणि तो दर वर्षी वाहून जातो. या वेळी मुलांनी स्वतःची दोन पाने शेजारी ठेवली आणि मला बोलावेच लागले नाही.

सातच्या तुकडीतल्या त्या आरोपीवाल्या मुलाने इंग्रजीत ‘टु द गार्डन’ केले होते. गाईडात चतुर्थीपुढे ‘टु, फॉर’ असे लिहिलेले असते, तेव्हा त्याने परतताना ‘उद्यानाय गच्छति’ लिहिले. मी त्यावर लाल पेनाने रेघ मारली आणि वही परत दिली. जेवताना मात्र काहीतरी आठवले, हात धुऊन मी पाणिनीची अष्टाध्यायी काढली, आणि दुसऱ्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात ते सूत्र सापडले: ‘गत्यर्थकर्मणि द्वितीयाचतुर्थ्यौ चेष्टायामनध्वनि’. चालत जाण्यासारखी प्रत्यक्ष हालचाल असेल आणि जिथे जायचे ते स्थळ म्हणजे रस्ताच नसेल, तर जाण्याच्या अर्थाच्या क्रियापदाबरोबर द्वितीयाही चालते आणि चतुर्थीही. एकोणीस वर्षे शिकवत असूनही हे माझ्या हातून निसटले होते, आणि गाईड वाचून चुकलेला मुलगा पाणिनीच्या दृष्टीने बरोबर होता.

पुढच्या तासाला मी त्याची वही मागून घेतली, लाल रेघ खोडली, सूत्र फळ्यावर लिहिले आणि परीक्षेत मात्र ‘उद्यानम्’च लिही, तपासणाऱ्याला हे सूत्र आठवेलच असे नाही, असेही बजावले. त्याने सूत्र उतरवून घेतले, थोडा विचार केला, आणि ‘उद्यानाय’ या शब्दापुढे समासात पेन्सिलीने बारीक अक्षरांत लिहिले: ‘बेल ग्रँटेड’.